नाही न म्हणणारा आयरिश

आमच्या ऑफिसात माणसाला नाव नंतर मिळायचं, देश आधी. "त्या इजिप्शियनला विचार", "फिलिपिनो आला का", "ब्रिटिश आज चिडलाय", असंच बोलणं चालायचं. प्रत्येक देशाची कुंडलीही ठरलेली. जर्मन म्हणजे घड्याळ, इटालियन म्हणजे हातवारे, इंडियन म्हणजे मान डोलावून "येस सर" आणि मग चार दिवस पत्ता नाही. मी या शेवटच्या खात्यात मोडायचे. आयरिश म्हणजे दारू, मारामारी आणि बडबड. कतारमधल्या रास लफानच्या त्या गॅस प्लांटमध्ये आयरिश एकच होता, त्यामुळे अख्ख्या देशाचा भार त्या एकट्यावर आला होता.

दारूच्या बाबतीत त्याने सगळ्यांची निराशा केली. दोन पेले प्यायचा आणि झोपायला जायचा. पूर्ण सोडलेली असती तरी लोकांना सांगायला एक गोष्ट मिळाली असती, तीही नाही. मारामारी त्याने आयुष्यात केली नसावी. पण बडबडीत त्याने बाकी दोन्हींची भरपाई केली होती. साठीकडे झुकलेला, उंच, थोडा पोक काढून चालणारा, उन्हाने सोलून लाल झालेला हा माणूस आमचा सेफ्टी प्रमुख होता आणि मी त्याच्या हाताखाली परमिट ऑफिसात होते. त्याचं बोलणं मी इथे मराठीतच सांगते. त्याचं इंग्रजी तसंही कानावर पडल्यावर मनातल्या मनात पुन्हा लावून घ्यावं लागायचं.

आमचं काम ऐकायला कारकुनी वाटतं. टाकीत माणूस उतरवायचा असेल तर परमिट लागतं. आतली हवा तपासायची, आकडे परमिटवर लिहायचे, मग सेफ्टीची सही आणि मग माणूस आत. ही तपासणी ठरावीक वेळच चालते, वेळ टळली की हवा पुन्हा तपासायची. आतली हवा खराब निघाली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. आणि ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी टाकीत उतरणाऱ्या माणसांत माझा मावसभाऊ संभा होता. गडहिंग्लजचा, फिटर. त्याला इथे मीच चिकटवला होता. मावशीला मी फोनवर सांगितलं होतं, "काळजी करू नकोस, मी आहे इथे." ते वाक्य उच्चारल्यापासून माझी झोप उडाली होती.

सकाळी आम्ही राहायचो त्या अल खोरहून कंपनीची बस निघायची. हा बसमध्ये चढायच्या आधी आकाशाकडे बघायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "आज पाऊस थांबलेला दिसतोय." कतारमध्ये. ऑगस्टमध्ये. नव्या माणसाला वाटायचं, याला ऊन लागलंय. मग सीटवर बसून तो फोनवर त्याच्या जिल्ह्यातल्या मृत्यूच्या बातम्या वाचायचा. आपल्याकडे आजोबा लोक पेपरातली निधनवार्ता आधी वाचतात, तसंच. फरक इतकाच, की हा वाचून लगेच कुणाला तरी फोन लावायचा. मेलेल्याशी याची ओळख असायचीच असं नाही. मेलेल्याच्या मेहुण्याने कधीकाळी याच्या वडिलांना ट्रॅक्टर दिलेला असायचा, तेवढं पुरे. "अंत्ययात्रेला आपल्या घरातलं कोण जातंय?" हा प्रश्न सुटेपर्यंत बस रास लफानच्या गेटपाशी यायची. फोन ठेवताना तो "बाय, बाय, बाय, बाय" असं इतक्यांदा म्हणायचा की मागच्या सीटवरचा नेपाळी ऑपरेटर पण कंटाळून "बाय" म्हणायचा.

कौतुक त्याला सोसायचं नाही. शर्ट छान आहे म्हटलं की लगेच कॉलर उलटी करून उसवलेली शिवण दाखवायचा, वर सेलमधला आहे हेही सांगायचा. आणि नाही म्हणायचा नाही. कुणालाच. माझ्या पाहण्यात त्याने कधी कुणाला सरळ नकार दिला नाही.

मला सुरुवातीला याची धास्ती वाटायची. सेफ्टीचा माणूस आणि नाही म्हणत नाही, म्हणजे काय? कुणीही सुपरवायझर अर्धवट परमिट घेऊन यायचा आणि याचं सुरू व्हायचं, "अरे, का नाही, का नाही, दे इकडे. पेन आहे का? बस की. तू त्या हिरव्या गेटजवळून आलास ना? तिथे मला माझ्या काकाची आठवण येते." मग काका. काकाची गाढवी. गाढवीसाठी काकाने शेजाऱ्याशी धरलेला अबोला. शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न, आणि त्या लग्नात फिडल वाजवणारा पण सुरात नसलेला आंधळा. समोरचा हसायचा, घड्याळ बघायचा, पुन्हा हसायचा. पेन याच्या बोटांत फिरत राहायचं. आणि गोष्ट संपता संपता तो परमिटकडे बघून मनापासून हळहळायचा, "अरेरे, तपासणीची वेळ गेली की रे. माझीच चूक. फार बोलतो मी. जा, हवा पुन्हा तपासून आण, आलास की लगेच सही."

हे काय चाललंय ते माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. ज्या परमिटमध्ये काही खोट नसे त्यावर तो न बोलता सही करायचा. काका आणि गाढवी फक्त संशयाच्या परमिटसाठी राखून ठेवलेली होती. मी एकदा चहाच्या वेळी सरळ विचारलं तेव्हा लाल माणूस आणखी लाल झाला.

"आमच्या गावात नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं," तो म्हणाला. "आईने मला ते शिकवलंच नाही. आणि इथे नाही म्हटलं की माणूस साहेबाकडे जातो, साहेब त्याच्या साहेबाकडे. माझ्या गाढवीची तक्रार घेऊन कोण जाणार?"

"आणि लोक हसतात त्याचं काय?"

"त्यांना आयरिश हवा असतो. मी देतो. आयरिश बडबडतोय म्हटलं की कुणी नीट ऐकत नाही." मग डोळे बारीक करून म्हणाला, "तुझी ती मान नाही का? हो आणि नाहीच्या मधोमध हलते ती? आणि तुमचं ते 'बघतो'? फार सुंदर शब्द आहे. 'इन्शाल्ला'सुद्धा तसाच. आमच्याकडे असा एकच शब्द नाही, म्हणून मला एवढं बोलावं लागतं."

मार्चमध्ये त्यांच्या संताचा दिवस यायचा तेव्हा एचआरवाले दोह्याच्या द पर्लमधल्या एका हॉटेलात कार्यक्रम ठेवायचे. हिरवे फुगे, हिरवा केक, आणि याच्या डोक्यावर हिरवी उंच टोपी. त्याला नाचायला लावायचे. हात अंगाला चिकटवून तो पाय आपटायचा आणि सगळे व्हिडिओ काढायचे. घामाघूम होऊन माझ्या शेजारी बसला तेव्हा पुटपुटला, "मला नाच येत नाही. आमच्या घरी गायी होत्या, नाच नव्हता." मला हसू आलं आणि त्याच वेळी कसंतरीच वाटलं.

त्याला एका शुक्रवारी मी घरी पोहे खायला बोलावलं. सासूबाई तेव्हा कऱ्हाडहून आल्या होत्या. माझ्या नवऱ्याने बशी पुढे केली. "नको नको, उगाच त्रास," हा म्हणाला. नवरा मुंबईत शिकलेला, सरळ माणूस. त्याने बशी परत ठेवली. आयरिशचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला कळेना की मध्ये पडावं की कसं. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही, पण त्यांनी बशी उचलून त्याच्या हातात कोंबली. "घ्या हो, नको काय म्हणताय, एवढ्या लांबून आलात." तो दोनदा पुन्हा नको म्हणाला, त्या दोनदा पुन्हा घ्या म्हणाल्या, आणि मग त्याने तीन बशा पोहे खाल्ले. त्या दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. मग तो तासभर बाल्कनीत नुसता समोरचा रस्ता बघत बसला. नवऱ्याने हळूच विचारलं, "हाच का तुझा बडबड्या?"

त्याच बाल्कनीत, चहा झाल्यावर, त्याने मला एकच गोष्ट सांगितली. तिच्यात काका नव्हता. त्यांच्याकडे गोठ्याखाली शेण साठवायचं मोठं तळघर असतं, वसंतात ते ढवळून शेतात घालतात. ढवळताना विषारी वायू सुटतो. हा विशीत असताना शेजारच्या शेतावर कुत्रा त्यात पडला. कुत्र्यासाठी तिथला थोरला मुलगा उतरला. थोरल्यासाठी धाकटा उतरला. आवाज आला नाही म्हणून त्या दोघांचा बाप शिडी घेऊन आला तेव्हा त्याला चार माणसांनी धरून ठेवलं. "मी त्या चारांतला," तो म्हणाला. "त्याने माझ्या हाताला चावा घेतला. सोड म्हणत होता. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही." मी म्हटलं, आमच्याकडे विहिरीत असं होतं, एकामागून एक उतरतात. त्याने मान हलवली आणि बशीतलं शेवटचं खोबरं बोटाने टिपून खाल्लं.

आता त्या दिवसाचं सांगते. शटडाऊन चालू होता, म्हणजे प्लांटचा एक भाग बंद ठेवून आतली दुरुस्ती. ठरलेल्यापेक्षा दिवस वाढत चालले होते. बंदरात गॅस न्यायला जहाज येऊन थांबलेलं, वरून रोज फोन. आमचे शटडाऊन मॅनेजर दामले, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एक उभी टाकी उरली होती. तिच्या पोटाशी गोल दार, आत शिरायला तेवढंच. शेजारच्या टाकीत त्या दिवशी नायट्रोजन सोडलेला होता. दोन्ही टाक्यांना जोडणारा एक पाइप, त्यावर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद, वर कुलूप. नियमाने त्या पाइपात लोखंडी तबकडी घालून रस्ता पुरता बंद करायला हवा होता, पण तबकडी बसवायला संध्याकाळ झाली असती. आणि नियमाला पळवाट होती. मॅनेजर आणि सेफ्टी दोघांनी सही केली तर नुसतं कुलूपही चालायचं.

नायट्रोजनला वास नसतो. रंग नसतो. खोकला येत नाही, घुसमटल्यासारखंही वाटत नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि खाली बसतो, आणि त्याला बघायला दुसरा आत जातो.

मी परमिट घेऊन पोचले तेव्हा संभा त्या गोल दारापाशी कमरेला पट्टे बांधून उकिडवा बसला होता. त्याच्याबरोबर आणखी दोघं. भट्टीपाशी बसल्यासारखं ऊन होतं. "ताई, सांग की त्यास्नी लवकर," तो म्हणाला, "बसून बसून पाय मेलं आमचं." मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. सकाळची हवेची तपासणी चांगली आलेली होती. परमिटमध्ये काहीच खोट नव्हती, फक्त एक जुना व्हॉल्व्ह होता, आणि जुना व्हॉल्व्ह बंद असूनही आतून झिरपू शकतो.

आयरिशने परमिट हातात घेतलं. "का नाही, का नाही," त्याने सुरुवात केली. "पेन आहे का? हा व्हॉल्व्ह बघितला की मला माझ्या काकाचं फाटक आठवतं..."

"आज काका नको," दामले म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला तुमच्या काकांची सगळी गुरं तोंडपाठ झालीत. हवा चांगली आहे. कुलूप आहे. माझी सही झालेली आहे. सही करताय की नाही? हो किंवा नाही."

आजूबाजूला सगळे थांबले. आयरिशने परमिट या हातातून त्या हातात घेतलं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या बोलण्याआड तो उभा होता ते कुणीतरी ओढून काढलं होतं, आणि आत एक म्हातारा, घामेजलेला, शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्याकडे पुरावा काहीच नव्हता. त्याने बुटांकडे पाहिलं. मला वाटलं, हा सही करणार. तो कुणाला नाही म्हणूच शकत नाही, आणि माझा भाऊ आत जाणार.

"नाही," तो म्हणाला.

इतक्या हळू की दामलेंनी "काय?" विचारलं.

"नाही. तबकडी बसल्याशिवाय नाही." मग त्याने "माफ करा" असं काहीतरी जोडायला ओठ हलवले आणि जोडलं नाही.

दामलेंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे वळून मराठीत सुरू केलं, "मॅडम, याच्या जागी सही करायचा अधिकार तुम्हाला आहे. आपली माणसं आहेत ही, मी काय त्यांचा जीव घेणार आहे का? कुलूप मी स्वतः ओढून बघितलंय. तुम्ही करा सही, मी सांभाळून घेईन."

नेहमीची मी असते तर मान डोलावून "बघते सर" म्हटलं असतं आणि मग त्या मानेच्या भरवशावर काहीही झालं असतं. पण माझ्या आधी कुणीतरी नाही म्हटलेलं होतं. दुसऱ्यांदा ते म्हणणं फार सोपं असतं. "नाही सर," मी म्हटलं. संभा आ वासून माझ्याकडे बघत होता.

"मीच तिला मना केलंय," आयरिश लगेच इंग्रजीत म्हणाला. मराठी त्याला कळत नव्हती, पण कोणाला काय विचारलं जातंय ते कळलं होतं. "तिने सही केली असती तर मी तिला कामावरून काढलं असतं. माझ्यावर लिहा काय लिहायचं ते." हे साफ खोटं होतं, आणि या खोट्यासाठी त्याला गाढवीची गरज पडली नाही.

दामले फोन लावतच निघून गेले. तबकडी आणायला माणसं पळाली. ती बसवेपर्यंत संध्याकाळ झाली, हवा पुन्हा तपासली, ठीक आली. संभा आत गेला, काम केलं, बाहेर आला, हेल्मेट काढून डोकं खाजवलं. मी तिथेच एका पाइपावर बसून होते.

आयरिशचं कंत्राट महिनाअखेर संपवलं. कागदावर कारण दिलं, "सहकार्याचा अभाव". एचआरने निरोपाला पुन्हा हिरवे फुगे लावले, त्याने काहीतरी अडचण सांगितली आणि गेलाच नाही. जायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे आला. सासूबाई परत गेल्या होत्या, म्हणून बशी मीच हातात कोंबली. त्याने पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

मला राहवलं नाही. "तो व्हॉल्व्ह गळत होता का?"

"काय माहीत," तो म्हणाला.

"नंतर कुणी तपासला नाही?"

"तबकडी बसल्यावर कोण तपासतो? शटडाऊन संपला, प्लांट चालू झाला. चांगलाही असेल. बहुतेक चांगलाच असेल. दामले वेडा नव्हता." त्याने चहा ढवळला. "मी आयुष्यात एकदा नाही म्हटलं आणि ते बरोबर होतं की चूक तेही कळणार नाही. आईला आवडलं नसतं."

मी म्हटलं, तुम्ही माझा भाऊ वाचवलात. त्याने लगेच हात झटकला, तो शर्टाची कॉलर उलटी करायचा तशीच त्या वाक्याचीही शिवण उसवायला लागला. वाचवला कशावरून, काही झालंच नसतं, उगाच तुमचा एक दिवस घालवला, तू आपली चांगली मुलगी आहेस म्हणून म्हणतेस. मी त्याला बोलू दिलं. लिफ्टचं दार मिटेपर्यंत "बाय, बाय" चाललेलं होतं. मी दार लावून आत आले आणि पोटभर रडले.

पुढच्या शुक्रवारी संभा जेवायला आला. मी झुणका केला होता. पहिला घास घेताच त्याने सुरू केलं, "तुझा त्यो आयरिश गेला म्हनं. बरं झालं. लई भित्रा मानूस. त्या दिवशी उन्हात वाळवलं आमास्नी. हवा बरी हुती की, मशीन दाखवत हुतं की. सगळी पोरं हसत्यात, म्हनत्यात तुझी ताई पन घाबरली. तुझ्यामुळं माझी लाज गेली बग."

सांगायला माझ्याकडे काय होतं? दाखवायला काहीच नव्हतं. गळका व्हॉल्व्ह नव्हता, कुणी पडलेलं नव्हतं, कुणी उचलून आणलेलं नव्हतं. फक्त समोर हा बसला होता, डावा हात मांडीवर टेकून, मिशीला झुणका लागलेला, रागावलेला.

"आनि एक भाकरी वाढ की," तो म्हणाला. "आनि तसं बगू नगंस माझ्याकडं. खरं तेच बोलतोय."

मी भाकरी वाढली. तो बोलत राहिला, आयरिशला, मला, दामलेंना, उन्हाला नावं ठेवत राहिला, आणि मी त्याला एकदाही अडवलं नाही.